प्रवास-पृच्छा : आयगरच्या पायथ्याशी चालणे आणि स्कीइंग

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा मुक्काम बहुधा इंटरलाकेनला असतो आणि तेथून आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही तीन शिखरे एका दिवसात पाहून ते पुढच्या गावाला निघतात. या डोंगरांत काही दिवस राहून पायी हिंडावे किंवा स्कीइंग शिकावे, अशी इच्छा व्यक्त करणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. त्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. मे महिन्यात ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन येथे राहून काही दिवस ट्रेकिंग आणि दोन दिवस स्कीइंग करावे, असा आमचा बेत आहे. तो जमेल का? (एक वाचक, पुणे)

आपला बेत आज जसा आहे तसा जमणार नाही आणि विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच हे आपल्याला कळलेले बरे. या परिसरातील स्कीइंगचा हंगाम डिसेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यानंतर आटोपतो. उंचावरच्या पायवाटा मात्र जूनच्या मध्यापर्यंत, काही वर्षी जुलै उजाडेपर्यंत, जुन्या बर्फाखाली असतात. आपल्याकडील शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी या दोन हंगामांच्या मधल्या काळात येते. स्कीइंगसाठी खालचा बर्फ उरलेला नसतो आणि चालण्यासाठी वरचा बर्फ वितळलेला नसतो. बरेचसे रोपवे या काळात वार्षिक तपासणीसाठी बंद ठेवतात आणि डोंगरगावांतील अनेक हॉटेलेही काही आठवडे कुलूपबंद असतात. माहितीपत्रकांतील छायाचित्रे जुलैतल्या हिरव्या कुरणांची किंवा जानेवारीतल्या बर्फाची असतात, त्यामुळे मे महिन्याची ही अडचण पाहुण्यांच्या लक्षातच येत नाही.

तरीही सुट्टी मेमध्येच असेल, तर बेत दरीच्या अंगाने आखावा. लाउटरब्रुनेन हे गाव सुमारे 800 मीटर उंचीवर, दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांच्या मध्ये वसलेले आहे. वरचे बर्फ वितळू लागल्यामुळे त्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे मे आणि जूनमध्ये भरात असतात. त्यांपैकी श्टाउबबाख जवळजवळ 300 मीटर उंचीवरून पडतो. ट्रुमेलबाखचे दहा प्रपात मात्र डोंगराच्या पोटात आहेत. आयगर, म्योंख व युंगफ्राऊ यांच्या हिमनद्यांचे पाणी त्या एकाच घळीतून बाहेर पडते, आणि उन्हाळ्यात त्याचे प्रमाण सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत जाते. चार वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश नाही, एवढे लक्षात ठेवावे. लाउटरब्रुनेनपासून श्टेखेलबर्गपर्यंत नदीच्या काठाने जाणारी सहा-सात किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट मुलांना सहज चालता येते. महिन्याच्या उत्तरार्धात ग्रुट्शआल्प ते म्युरेन ही रुळांच्या कडेने जाणारी वाटही बहुधा मोकळी झालेली असते आणि तेथून तिन्ही शिखरे सतत समोर दिसत राहतात. युंगफ्राऊयोख या उंचावरच्या स्थानकाला जाणारी रेल्वे तर वर्षभर चालते.

मेमध्ये स्कीइंगची हौस भागवायचीच असेल, तर झरमॅट हा पर्याय उरतो. तेथे जवळजवळ 3,900 मीटर उंचीवरच्या हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग चालते. परंतु ते मुख्यतः सराव करणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. पहिल्यांदा पायांत स्की बांधणाऱ्या कुटुंबाने त्या उंचीवर, त्या खर्चात शिकायला जावे, असे मला वाटत नाही.

माझा सल्ला विचाराल तर चालणे आणि स्कीइंग या दोन वेगळ्या सहली समजाव्यात. चालण्यासाठी जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम आहे. जुलैत कुरणे फुललेली असतात, तर सप्टेंबरमध्ये हवा अधिक स्थिर असते आणि गर्दी ओसरलेली असते. शाळा बुडवणे शक्य नसेल, तर मुलांच्या शाळेचा निरोप घेतल्यानंतरची ही सहल म्हणून तिच्याकडे पाहावे. दिवाळीच्या सुट्टीचा मात्र भरवसा धरू नये. दिवाळी ऑक्टोबरमध्ये लवकर आली तर काही दिवस हाती लागतात, पण ऑक्टोबर सरता सरता उंचावरच्या गाड्या आणि रोपवे पुन्हा बंद होऊ लागतात व नोव्हेंबर हा येथील सर्वांत रिकामा महिना ठरतो. स्कीइंगसाठी नाताळची सुट्टी सोयीची असली तरी ती फार महाग पडते. जानेवारीचा पहिला आठवडा उलटला की दर उतरतात. फक्त वेंगेनला याच महिन्यात लाउबरहॉर्नची स्कीइंग शर्यत भरते आणि त्या दिवसांत तेथे खोली मिळणे कठीण असते.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे सह्याद्रीत ट्रेक करतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड अनेकदा झाले आहेत. आल्प्समध्ये मला वाटाड्या घ्यावा लागेल का? कोणत्या वाटा निवडाव्यात? (एक वाचक, नाशिक)

सह्याद्रीत चालणाऱ्याच्या पायांत येथील वाटांना पुरेल इतके बळ निश्चितच असते. दमसास आणि उतारावर पाय रोवण्याची सवय या दोन्ही गोष्टी आपल्याला उपयोगी पडतील. खुणा केलेल्या पायवाटांवर वाटाड्याची गरज नाही, कारण येथील खुणांची व्यवस्था अतिशय चोख आहे. संपूर्ण स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या वाटांवर पाट्या लावलेल्या आहेत. केवळ पिवळी पाटी असेल तर वाट कोणालाही चालण्याजोगी असते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की वाट डोंगरी समजावी, म्हणजे तेथे चढ तीव्र असतो, काही ठिकाणी दरी अंगावर येते आणि घोट्याला आधार देणारे बूट आवश्यक असतात. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर पुढे हिमक्षेत्र, कातळ किंवा दोराचे काम असू शकते. अनुभव आणि साधने नसतील तर त्या वाटेला वाटाड्याविना जाऊ नये. हिमनदीवर तर कधीच एकटे पाऊल ठेवू नये, कारण बर्फाच्या पातळ थराखाली झाकलेल्या भेगा वरून दिसत नाहीत.

पाटीवर गावाच्या नावापुढे लिहिलेला वेळ हा निव्वळ चालण्याचा असतो. विश्रांती, जेवण, छायाचित्रे यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे अनेकांची खाली उतरणारी शेवटची गाडी चुकते आणि मग अंधारात हजार मीटर उतरण्याची वेळ येते. म्हणून सकाळी निघताना सर्वांत आधी शेवटच्या रोपवेची किंवा रेल्वेची वेळ टिपून घ्यावी.

पहिल्या दिवशी मेन्लिखेन ते क्लाइने शाइडेग ही वाट घ्यावी. वेंगेनहून किंवा ग्रिंडेलवाल्डहून रोपवेने वर जाता येते आणि तेथून साडेचार किलोमीटरची, किंचित उताराची ही वाट दीड तासात होते. सर्व वेळ आयगर समोर वाढत जातो. ज्यांना जास्त चालायचे नाही त्यांनीही एवढी एक वाट चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. दुसऱ्या दिवशी ग्रिंडेलवाल्डहून रोपवेने फर्स्ट नावाच्या ठिकाणी जाऊन बाखाल्पसे हे तळे पाहावे. फर्स्टपासून तळ्यापर्यंत जायला तासभर पुरतो आणि वारा पडलेला असेल तर श्रेकहॉर्न शिखराचे प्रतिबिंब पाण्यात स्पष्ट उमटते. सवय झाल्यावर आयगर ट्रेल घ्यावी. ती आयगरग्लेचर स्थानकापासून आल्पिग्लेनपर्यंत, सुमारे सातशे मीटर उतरत, आयगरच्या उत्तर कड्याच्या अगदी पायथ्याखालून जाते. हा कडा सुमारे 1,800 मीटर उंच आहे. शिखरावर 1858 मध्ये दुसऱ्या बाजूने माणूस पोहोचला होता, पण या कड्यावरून पहिली यशस्वी चढाई होण्यास 1938 साल उजाडावे लागले आणि त्याआधीच्या प्रयत्नांत अनेक तरुण गिर्यारोहकांनी प्राण गमावले. वाटेवर उभे राहून मान वर केली म्हणजे त्या चढाईचा अर्थ जसा कळतो, तसा तो वाचून कळत नाही. शेवटी पूर्ण दिवस हाताशी असेल आणि हवा खात्रीची असेल, तर शिनिगे प्लाट्टे ते फर्स्ट ही 16 किलोमीटरची वाट चालावी. तिला सहा तास किंवा अधिक लागतात आणि मध्ये पाणी व आसरा मोजक्याच ठिकाणी मिळतो.

सह्याद्रीतील अनुभव जेथे अपुरा पडतो अशा तीन गोष्टी आहेत आणि त्यांतली पहिली सर्वांत गंभीर आहे. जूनमध्ये किंवा जुलैच्या सुरुवातीला वाटेवर आडवा आलेला जुन्या बर्फाचा पट्टा निरुपद्रवी दिसतो, परंतु सकाळी तो काचेसारखा कडक असतो. त्यावर पाय घसरला तर थांबण्यासाठी हाताला काहीच सापडत नाही. असा पट्टा उतारावर असेल आणि खाली दगड किंवा कडा असेल, तर मागे फिरावे. दुसरी गोष्ट हवेची. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असूनही दुपारनंतर विजांचे वादळ येऊ शकते, म्हणून लवकर निघून दुपारी लवकर खाली यावे. दर हजार मीटरला तापमान सहा-सात अंशांनी उतरते, त्यामुळे गावात सदऱ्यावर हिंडत असलात तरी पाठीवरच्या पिशवीत लोकरीचा थर आणि वारा-पाऊस अडवणारे जाकीट असलेच पाहिजे. तिसरी गोष्ट गायींची. कुरणातून जाणाऱ्या वाटेवर वासरांसह असलेल्या गायी दिसल्या, तर त्यांना वळसा घालून जावे. आपल्याकडे गाय दिसली की हात पुढे करण्याची सवय असते, पण येथे वासराला हात लावू नये, कारण त्या गायी माणसावर धावून जातात.

प्रश्न : माझे वडील 72 आणि आई 68 वर्षांची आहे. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांना युंगफ्राऊयोखला न्यावे का? (एक वाचक, ठाणे)

वैद्यकीय निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचा आहे आणि तो निघण्यापूर्वी घ्यावा. तो घेताना उपयोगी पडेल अशी माहिती मी देतो. युंगफ्राऊयोख हे 3,454 मीटर उंचीवरचे, युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू एक तृतीयांशाने घटतो. इंटरलाकेन 570 मीटरच्या आसपास आहे. तेथून ही उंची दोन-अडीच तासांत गाठली जाते आणि शरीराला जुळवून घेण्यास वेळच मिळत नाही. रक्तदाब औषधांनी आटोक्यात असलेल्या अनेक ज्येष्ठांना तेथे काही त्रास होत नाही. मात्र हृदयविकाराचा झटका अलीकडे येऊन गेला असेल किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर हा धोका पत्करू नये.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तर आधीच्या एक-दोन रात्री वेंगेन किंवा म्युरेन येथे काढाव्यात. ही दोन्ही गावे अनुक्रमे सुमारे 1,270 व 1,640 मीटर उंचीवर आहेत, तेथे मोटारींना प्रवेश नाही आणि ज्येष्ठांना मोकळेपणाने फिरता येते. वर गेल्यावर पावले संथ टाकावीत, पाणी पीत राहावे, जिने चढताना थांबावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा झोक जाणे सुरू झाले तर पुढच्या गाडीने खाली यावे. खाली उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

ही रेल्वे 1 ऑगस्ट 1912 रोजी सुरू झाली. तिची कल्पना मांडणारे उद्योगपती आडोल्फ गायर-त्सेलर यांचे त्याआधीच, 1899 मध्ये निधन झाले होते. आयगर आणि म्योंख यांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा त्या काळी खोदला गेला आणि वर पोहोचल्यावर आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी, सुमारे 20 किलोमीटर लांबीची आलेच, दक्षिणेकडे वळत गेलेली दिसते. तिच्यासह हा प्रदेश 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत आपल्या घनफळाचा सुमारे दहावा भाग गमावला. हे आकडे वाचून मन विषण्ण होते, आणि म्हणूनच आई-वडिलांना ती हिमनदी दाखवण्याची आपली इच्छा मला पूर्णपणे समजते.

इंटरलाकेनहून जाऊन-येऊन तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जाते, त्यामुळे सकाळी शिखरावरचे थेट कॅमेरे पाहून मगच तिकीट काढावे. डॉक्टरांनी नकार दिला तर निराश होऊ नये. क्लाइने शाइडेग 2,061 मीटरवर आहे आणि तिन्ही शिखरांचे दर्शन तेथून अधिक पूर्ण होते, असे माझे मत आहे.

प्रश्न : वयाच्या 46 व्या वर्षी स्कीइंग शिकता येईल का? किती दिवस लागतील आणि तयारी काय करावी? (एक वाचक, कोल्हापूर)

नक्की शिकता येईल. प्रौढ वयात शिकणाऱ्यांसाठी येथील स्की शाळांत स्वतंत्र वर्ग असतात. वेंगेनच्या गावातच नवशिक्यांचा मंद उतार आहे आणि ग्रिंडेलवाल्डला बोडमी येथे तशीच सोय आहे. सलग तीन दिवस वर्गात गेल्यास बहुतेकांना पाचरीसारखे स्की धरून वेग आवरणे, वळणे आणि थांबणे जमते. पाच-सहा दिवसांत निळ्या खुणेच्या सोप्या उतारांवर स्वतःहून उतरता येते. लाल खूण मध्यम आणि काळी खूण अवघड उताराची असते. मित्रांच्या आग्रहाखातर दुसऱ्याच दिवशी लाल उतारावर जाऊ नये. मित्र कितीही चांगले स्कीइंग करीत असले तरी शिकवण्याचे काम शिक्षकाकडेच सोपवावे.

निघण्यापूर्वी दोन-तीन महिने मांड्या, गुडघ्यांभोवतीचे स्नायू आणि पोट यांचा व्यायाम करावा. बैठका, जिने चढणे-उतरणे आणि एका पायावर तोल सांभाळणे पुरेसे आहे. स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखापती गुडघ्याला होतात, आणि त्या बहुतेक वेळा दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांनी आणखी एक फेरी मारताना होतात. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. बूट निवडताना घाई करू नये. बूट घट्ट असावा, पण बोटे हलली पाहिजेत, आणि आत एकच लांब स्की-मोजा घालावा; दोन मोजे घातल्याने पाय अधिक गार पडतात. बूट स्कीवर पकडून ठेवणारी बांधणी पडल्यावर वेळीच सुटावी यासाठी तिचा ताण आपले वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून ठरवतात, म्हणून दुकानात वजन संकोच न करता खरे सांगावे. जीन्स आणि सुती बनियन मुळीच नकोत, कारण सूत ओले झाले की अंगावर गार बसते.

उतारावरचा मुख्य नियम असा की पुढे, म्हणजे खालच्या बाजूला, असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला टाळून जायचे असते. थांबायचे झाल्यास कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी थांबावे. हे नियम सौजन्यापुरते नाहीत. अपघातानंतर जबाबदारी ठरवताना ते विचारात घेतले जातात.

खर्चाचा विचार करता आधी गुलमर्ग किंवा औली येथे प्राथमिक धडे घेऊन मग आल्प्समध्ये जाणे शहाणपणाचे ठरेल. आणि शिकण्यासाठी हीच जागा का, असे विचाराल, तर या खेळाची वाढच येथे झाली आहे. म्युरेनला 1922 मध्ये ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन यांनी खांबांमधून वळत जाण्याची आधुनिक स्लॅलम शर्यत भरवली आणि 1931 मध्ये अल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा त्याच गावात झाली. लाउबरहॉर्नची शर्यत 1930 पासून चालत आली आहे. तिचा सुमारे साडेचार किलोमीटरचा मार्ग विश्वचषक मालिकेतील सर्वांत लांब उतार असून तेथे खेळाडू ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेग गाठतात.

घरातील ज्यांना स्कीइंग करायचे नाही त्यांच्यासाठी गुलाबी पाट्यांनी दाखवलेल्या, दाबून सपाट केलेल्या हिवाळी पायवाटा आणि घसरगाडीचे मार्ग आहेत. फाउलहॉर्नपासून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा घसरगाडीचा मार्ग तर 15 किलोमीटरचा आहे. मात्र त्याच्या सुरुवातीपर्यंत फर्स्टहून अडीच तास गाडी ओढत चालावे लागते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे काय? (एक वाचक, सांगली)

स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि कोऑप किंवा मिग्रोस या दुकानांतून सामान आणावे. खर्च निम्म्याहून खाली येतो. डोंगरावरच्या उपाहारगृहांत बटाट्याची र्‍योश्टी आणि चीज घातलेली मॅकरोनी मिळते, पण दोहोंत डुकराच्या मांसाचे तुकडे असण्याची शक्यता असते, म्हणून विचारून मागवावे. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे वितळवलेल्या चीजच्या पदार्थात, पांढरी वाइन असते. पारंपरिक स्विस चीज बनवताना वासराच्या जठरातील रेनेट हा दूध गोठवणारा पदार्थ वापरतात. कडक शाकाहारी व्यक्तींनी हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहतो आणि ठीकठाक स्कीइंग करतो. सहकारी खुणांबाहेरच्या ताज्या बर्फात जाण्याचा आग्रह करतात. जावे का? शिवाय आई-वडील भारतातून येणार आहेत, त्यांच्या विम्यात काय पाहावे? (एक वाचक, जर्मनी)

हिमस्खलन ओळखण्याचे आणि गाडलेल्या माणसाला शोधण्याचे प्रशिक्षण आपण घेतलेले नसेल, तर जाऊ नये. खुणांच्या आतील उतारांची तपासणी होते आणि धोका असल्यास ते बंद केले जातात; खुणांबाहेर तशी हमी कोणी देत नाही. दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता आणि पुन्हा सकाळी आठ वाजता धोक्याची पातळी जाहीर करते. पातळ्या पाच आहेत, आणि तिसरी पातळी मधली असल्यामुळे लोक तिला मध्यम समजतात, परंतु सर्वाधिक मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात. बहुतेक प्राणघातक घटनांत बर्फ सुटतो तो त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने, आणि बहुधा तीस अंशांहून अधिक उतारावर. गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेगाने घटते. बचाव पथकाला पोहोचण्यास बहुधा त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून सुटका सोबत्यांनीच करायची असते. संकेत देणारे यंत्र, फावडे आणि शोधकाठी या तिन्ही वस्तू प्रत्येकाजवळ असणे आणि त्या वापरण्याचा सराव असणे, ही किमान अट आहे. सहकाऱ्यांना हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर नकार देण्यात कमीपणा मुळीच नाही.

आई-वडिलांच्या विम्याबाबत एवढे पाहावे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, परंतु ती अट पूर्ण करणाऱ्या अनेक स्वस्त पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि स्कीइंग त्यात मोडते. काहींमध्ये ठरावीक उंचीवरचे ट्रेकिंगही वगळलेले असते. पूर्वीपासूनचा आजार, शोधकार्य आणि हेलिकॉप्टरने सुटका यांचा खर्च मिळेल की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. येथील हेलिकॉप्टर बचावाचे काम मुख्यतः 1952 मध्ये स्थापन झालेली रेगा ही संस्था करते. तिचा क्रमांक 1414 आहे आणि एका फेरीचे देयक काही हजार फ्रँकपर्यंत जाऊ शकते. युरोपभर चालणारा 112 हा क्रमांकही वापरता येतो. फोनला संपर्क मिळत नसेल तर मिनिटाला सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी, शिटी वाजवावी किंवा विजेरी दाखवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले तर संदेश पोहोचला असे समजावे. हा संकेत आई-वडिलांना शिकवावा आणि एकेक शिटी त्यांच्या पिशवीत ठेवावी.